वाकड्या रांगेतले बटाटे

पहिलं वळलेलं पान तपासनिसाला दिसलं तेव्हा तो दात घासत होता. परसदाराच्या पायरीवर उभं राहून दात घासायचे आणि तोवर वाफ्यावरून नजर फिरवायची, ही त्याची निवृत्तीनंतरची सवय. रांगेतल्या मधल्या एका झाडाची खालची पानं कडांनी वर वळली होती, पन्हळीसारखी. बाकीची झाडं थंडीत ऐसपैस पसरली होती, हे एक आखडून उभं होतं. त्याने चूळ भरली, खाली उतरला आणि ते पान दोन बोटांत धरलं. पान कडक होतं. दाबल्यावर कागदासारखं वाजलं.

तो आत आला आणि बायकोला म्हणाला, "चहा टाक."

"काय झालं?"

"कुठे काय?"

"फेस तसाच आहे ओठाला. दात अर्धेच घासलेत."

त्याने ओठ पुसला आणि वर्तमानपत्र उघडलं. ते आदल्या दिवशीचं होतं. बायकोने ते पाहिलं आणि चहा टाकला.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला होता. भट्टीतून निघून थंड झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून पांढऱ्या उजेडाच्या एका पडद्यासमोर येत आणि पडद्यासमोर हा स्टुलावर बसलेला. काचेत बुडबुडा असला, खडा असला, मान कलती असली, तळाला केसाएवढा तडा असला की त्याचा हात जायचा आणि बाटली बाजूच्या पिंपात पडायची. विचार करायला वेळ नसे आणि लागतही नसे. कामगार त्याला 'नापास' म्हणत. "नापासराव येतायत रे, गुंडी लाव शर्टाची, नाहीतर पिंपात जाशील." निरोपाच्या दिवशी त्यांनी त्याला त्याचंच स्टूल भेट दिलं. वर लिहिलं होतं, 'पास'. तपासनिसाने ते उलटं करून पाय तपासले आणि एक पाय आखूड आहे असं सांगितलं. सगळा कारखाना हसला. पाय खरंच आखूड होता.

घरीही तोच खाक्या. भिंतीवरचं कॅलेंडर रेषभर तिरकं चालत नसे. थोरलीची चित्रं, धाकट्याचं अक्षर, बायकोने घातलेली टीप, सगळं उजेडासमोर धरून बघायचा. थोरली रडायची. धाकटा हसायचा. "बाबा, मला एकदाचं पिंपात टाका, म्हणजे सुटलो," असं म्हणून तो वाकड्या अक्षरातली तीच वही शाळेत नेऊन द्यायचा.

थोरली लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. धाकटा दूर डोंगरात एका बोगद्याच्या कामावर लागला, मजुरांच्या भटारखान्यात. तिथून एकदा सुटीवर आला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशांत बटाटे होते. लालसर सालीचे, जरा लांबट, आत लोण्यासारखे पिवळे. डोंगरातली एक म्हातारी टोपलीभर आणून भटारखान्याला द्यायची. त्यांचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

"एवढ्या लांबून बटाटे आणलेस?" आई म्हणाली. "इथे काय दुष्काळ पडलाय?"

"खायला नाहीत. लावायचेत. उगवले की मग खा."

"म्हणजे माझी भाजी मातीत घालणार तू."

एका सकाळी त्याने परस खणलं. खणून झालं, आणि बटाटे लावायला घेतले तोच कुणा मित्राचा फोन आला. फोन खांद्याने कानाशी दाबून, मान कलती करून, मोठमोठ्याने हसत धाकटा एकेक बटाटा कोंब वर करून मातीत ठेवत गेला. बोलणं संपलं तेव्हा रांगही संपली होती. मधोमध ती एका अंगाला झुकली होती आणि पुढे पुन्हा ताळ्यावर आली होती.

तपासनीस पायरीवर उभा होता. "ही रांग आहे की गांडूळ?"

"बाबा, बटाट्याला थोडंच कळतंय."

"मला कळतंय. उकर आणि नीट लाव."

"आता नाही. माती दाबून झाली."

"मग तू गेल्यावर मी लावतो."

"लावा," धाकटा हात धुता धुता म्हणाला. "तुमच्याच्याने ती वाकडी रांग बघवणार नाही हे मला माहीत आहे. मीच फोन करून विचारीन, झाली का सरळ?"

तो गेला. तपासनिसाने लाकडाच्या खुंट्या तासल्या, सुतळी आणली आणि रविवार मुक्रर केला. रविवार उजाडायच्या आधी बोगद्याच्या कामावरून फोन आला, पण धाकट्याचा नव्हता. सामान आणायला गेलेली गाडी दरीत गेली होती. धाकटा मागे पोत्यांवर बसला होता.

पुढे कोंब वर आले ते वाकड्या रांगेत. ज्या खुंट्या रांग सरळ करायला तासल्या होत्या, त्या तपासनिसाने प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक अशा ठोकल्या आणि सुतळी झुकल्या जागी झुकवून बांधली. बटाटे काढले तरी खुंट्या काढल्या नाहीत. दर थंडीला त्याच खुंट्यांच्या पायाशी, त्याच वाफ्यात, आधीच्या बटाट्यांतले निवडून ठेवलेले बटाटे तो लावायचा. वर्षभर त्या खुंट्या परसात उभ्या असत. बायकोचा पदर त्यांत अडकायचा, एकदा ती ठेचकाळून पडलीही. खुंट्या हलल्या नाहीत.

काढणीच्या दिवशी पहिला बटाटा मिठाच्या पाण्यात उकडून ती त्याच्यापुढे ठेवायची. तो फोडायचा, खायचा आणि म्हणायचा, "पास." घरात हा शब्द त्याआधी कुणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ज्याने ऐकायला हवा होता तो नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. पण दरवर्षी शब्द उच्चारला जायचा आणि मग दोघं जेवायला बसायची.

बोगदा पुरा झाला, भटारखाना उठला. डोंगरातली ती म्हातारी कुठली, तिचं गाव कोणतं, हे सांगणारं कुणी राहिलं नाही. गल्लीतल्या रोपवाल्या बाईंनी पुष्कळ ठिकाणी विचारून पाहिलं होतं, तसा बटाटा कुणाकडे मिळाला नाही. धाकट्याने आणलेला वाण आता त्या एका वाफ्यात होता. तो तिथे संपला तर संपलाच.

चहा पिऊन झाल्यावर बायको परसात गेली आणि तिला जे बघायचं होतं ते तिने बघितलं. चपला घालून ती गल्लीच्या टोकाला गेली आणि रोपवाल्या बाईंना घेऊन आली.

बाईंची रोपवाटिका होती. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण काम पक्कं. वाफ्याशी उकिडव्या बसून त्यांनी एकेका झाडाची पानं उलटून बघितली. तपासनीस त्यांच्या मागे उभा राहून त्यांच्या हाताकडे बघत होता. असा तपासणारा हात तो ओळखत होता.

"काका, किती वर्षं याच जागी लावताय?"

"पहिल्यापासून."

"आणि बी घरचंच?"

"घरचंच. दुसरं कुठून आणणार?"

"मागेच सांगितलं होतं मी, जागा बदला म्हणून."

"जागा नाही बदलता येत."

बाईंनी वाद घातला नाही. "पानं वळायचा रोग आहे हा," त्या म्हणाल्या. "बियातून येतो. मग मावा आजारी झाडाचा रस पितो, चांगल्या झाडावर जाऊन बसतो, की तेही गेलं. याला औषध नाही. एकच आहे. आजारी झाड बटाट्यासकट उपटायचं, पोत्यात घालायचं आणि लांब नेऊन जाळायचं."

"मधलं एकच वळलंय."

"तुम्हाला एक दिसतंय. हे बघा, हेही. हे. हे पलीकडचं. दाराकडून इथपर्यंत सगळ्यांना लागलंय." त्या उठल्या आणि रांगेच्या शेवटी गेल्या. "कुंपणाजवळची ही दोन मात्र अजून स्वच्छ आहेत. या दोघांवर जाळी टाका, मावा बसता कामा नये. बाकीची सगळी काढा. या दोघांचे जे निघतील ते पुढच्या थंडीत माझ्याकडे ताज्या मातीत लावू. वाण वाचेल. पण आज हं काका, उद्या नाही. मावा काही तुमची वाट बघत बसणार नाही."

"आजच काढतो."

"काढाल ना?" बाई हसल्या. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय. कारखान्यात म्हणे सख्ख्या भावाची बाटलीही सोडत नव्हता."

"नव्हतो," तपासनीस म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने पोतं घेतलं, खुरपं घेतलं आणि ते स्टूल परसात नेलं. खाली वाकलं की गुडघे बोलायचे, म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोला तो दिसत होता. भांडी घासता घासता ती बघत राहिली.

पहिल्या झाडाशी त्याने स्टूल ठेवलं. पानं बघितली, खालून, वरून. बाई म्हणाल्या ते खरं होतं. बुडाशी पिवळट झाक होती, कडा वर येऊ लागल्या होत्या. त्याने खोड मुठीत धरलं. खोड उन्हाने कोमट झालं होतं. जरा ओढल्यावर बुडाजवळची माती फुटली आणि फटीतून लालसर साल दिसली. सुपारीएवढा बटाटा होता. तपासनिसाने मूठ सोडली, माती पुन्हा सारखी केली, तळव्याने दाबली. मग काहीतरी पुटपुटला आणि स्टूल उचलून पुढच्या झाडाशी गेला.

बायकोला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले. शब्द एवढा छोटा होता की ओळखायला ऐकावा लागला नाही.

असा तो सगळ्या रांगेतून गेला. प्रत्येक झाडाशी बसला, प्रत्येकाला नीट बघितलं, प्रत्येक खोड धरलं आणि सोडलं. मधलं, कागदासारखं वाजणारं, त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बसला. तेही पास केलं. मग रिकामं पोतं झटकून, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याने घडी घातली.

बायको हात पुसत बाहेर आली. "पोत्यात काय आहे?"

"दोन दिवस बघू म्हटलं. उन्हाने वळली असतील."

"या थंडीत?"

त्याने पोत्याची घडी पुन्हा सारखी केली.

"बाटल्या टाकताना तर हात असा चालायचा तुमचा, की यंत्र मागे पडावं," ती म्हणाली. "थोरलीची चित्रं फाडताना चालला. आता काय झालं त्याला?"

"बाटली मरत नाही," तो म्हणाला. "पिंपातली काच फुटते आणि परत भट्टीत जाते. आज नापास केली ती उद्या नवी होऊन पुढ्यात येते. मी टाकलं असं काही नाही. परत पाठवायचो. इथून कुठे पाठवू?"

तिने खुरपं उचललं. "मी काढते मग. तुम्ही आत जा."

"हात लावू नकोस."

त्याने आवाज चढवला नव्हता. तिने खुरपं पायरीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"अहो, तो त्या झाडांत नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही."

संध्याकाळी त्याने धाकट्याच्या खोलीतली ट्रंक उघडली. बोगद्याच्या कामावरून परत आलेल्या सामानात एक मच्छरदाणी होती. ती त्याने झटकली, भोकं शोधली, सुईदोरा घेऊन प्रत्येक भोक शिवलं. टीप सरळ होती. बांबूच्या कमानी करून त्याने ती वाफ्यावर चढवली आणि कडा विटांनी दाबल्या. शेवटच्या दोन झाडांवर नाही, सगळ्या रांगेवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाईंनी जाळी सांगितली होती, त्याने जाळी टाकली. असं तो स्वतःला सांगू शकत होता, आणि थोरलीचा फोन आला तेव्हा त्याने तिलाही तेच सांगितलं.

"रोपवाल्या बाईंनी सांगितलं तसं केलंत ना बाबा?"

"जाळी टाकली."

"आणि आजारी झाडं?"

"जाळी टाकली म्हटलं ना."

"बाबा, आई म्हणते तुम्ही एकही काढलं नाही."

"आईला काय कळतं बटाट्यातलं?"

"तुम्हाला तरी काय कळतं?" थोरली म्हणाली. थोरली त्याच्याशी असं बोलत नसे. "बाबा, मी त्याच्यासाठी सांगतेय," ती म्हणाली. "ती दोन राहिली तर त्याचं काहीतरी राहील."

"राहतील," तो म्हणाला. "सगळीच राहतील."

रोपवाल्या बाई आपल्या कामाच्या गर्दीत होत्या. त्यांना यायला उशीर झाला. आल्या तेव्हा पायरीवरूनच त्यांचा चेहरा उतरला. विटा बाजूला करून त्यांनी मच्छरदाणी वर केली, शेवटच्या झाडाचं पान उलटलं आणि तसंच तपासनिसापुढे धरलं. पानाच्या पाठीवर हिरवट मावा खच्चून बसला होता, राईचे दाणे सांडल्यासारखा. शेजारच्या झाडावर तसाच. शेंड्याची पानं फिकट पडून वर वळू लागली होती. जाळीच्या आत ना वारा होता, ना मावा खाणारे किडे. एवढी सुरक्षित जागा माव्याला त्या गल्लीत दुसरी मिळाली नसती.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्यांबरोबर कोल्हाही खुराड्यात कोंडलात, आणि बाहेरून कडी लावलीत."

तपासनिसाने पान हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. नंतर खिशातून रुमाल काढला आणि पानावरचा मावा पुसू लागला. एक पान पुसून झाल्यावर दुसरं. बाईंनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "चहा घेऊन जा बाई."

"नको काकू. मीच आधी यायला हवं होतं."

"तुम्ही आला असतात तरी त्यांनी हेच केलं असतं."

तिसऱ्या झाडापर्यंत रुमाल ओला हिरवा झाला. मग त्याने तो घडी करून खिशात ठेवला. त्याच दुपारी मच्छरदाणी काढून धुतली आणि वाळत घातली.

झाडं वेळेआधी वाळून खाली बसली. काढणीला माती कोरडी होती, खुरपं सहज जात होतं, पण त्याला आडवं काही लागत नव्हतं. एका झाडाखाली गोट्या निघाव्या तसे बटाटे निघाले. काहींखाली तेवढेही नाहीत. बायको टोपली धरून बरोबर चालत होती. टोपलीचा तळ झाकला नाही. रांग संपली तेव्हा तिने बोट लावून बटाटे उगाच इकडचे तिकडे केले, जणू खाली आणखी असतील.

पहिला बटाटा तिने मिठाच्या पाण्यात उकडला. द्यावा की नाही हे तिला कळत नव्हतं, पण इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं म्हणून बशी त्याच्यापुढे ठेवली. त्याने फोडला. पिवळ्या गरात तपकिरी धाग्यांचं जाळं पसरलं होतं. खालून वरपर्यंत, बारीक, नीट विणल्यासारखं. त्याने अर्धा खाल्ला. धागे दातांत आले. ती ओट्याशी उभी होती. तो काही बोलला नाही. उरलेला अर्धा तिने उचलला आणि उभ्याउभ्याच खाऊन टाकला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

उरलेल्यांतून त्याने बियासाठी निवडायला घेतले. बाईंनी सांगितलं होतं, यातला एकही लावण्याच्या लायकीचा नाही, बाहेरून कितीही गुळगुळीत असो. त्याने खोलीतला दिवा लावला, एकेक बटाटा दिव्यासमोर धरला आणि फिरवला. बाटली उजेडासमोर धरली की आतलं सगळं दिसायचं. बटाट्यातून उजेड जात नव्हता. बोटांच्या कडा तेवढ्या लाल दिसत होत्या. तरी त्याने सगळे बघितले, दोन ढीग केले, आणि दोन्ही ढिगांत फरक काय हे त्याला सांगता आलं नसतं. मग दोन्ही ढीग एक करून ट्रंकेत कोरड्या वाळूत ठेवले.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. त्या काळात परसाबद्दल घरात कुणी बोललं नाही. थोरली येऊन गेली, तिने मुलांना खुंट्यांपासून लांब ठेवलं.

थंडी सुरू झाल्यावर त्याने ट्रंक उघडली. बटाटे सुरकुतले होते. चांगल्या बटाट्याला जाड, आखूड, जांभळट कोंब येतो, यांना केस आले होते. पांढरे, दोऱ्यासारखे, बोट लावलं की गळून पडणारे. त्यातले जे धड वाटले ते त्याने खुंट्यांच्या पायाशी लावले. पाणी घातलं. पायरीवर उभं राहून दात घासले. एक कोंब मातीवर आला, करंगळीएवढा झाला, पिवळा पडला आणि आडवा झाला. बाकी जागी माती जशी होती तशी राहिली.

रोपवाल्या बाई पिशवीभर दुसरे बटाटे घेऊन आल्या. "साल लालच आहे काका. चांगलं बी आहे. लावून तर बघा."

"तुमच्याकडेच लावा," तो म्हणाला. "तुमच्याकडे जागा आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने वाफा खणायला घेतला. बायकोला वाटलं, चला, सुटले एकदाचे. पण तो लावायला खणत नव्हता. दर काढणीला एखाददुसरा बटाटा खोल राहून जातो. पहिल्या वर्षांतला, निरोगी असतानाचा, एखादा कुठे कुजल्याशिवाय राहिला असेल, दरसाल आपणहून कोंब धरत खाली खालीच जगला असेल, तर. असं होत नाही हे त्याला बाईंनी सांगितलं असतं, म्हणून त्याने बाईंना विचारलं नाही.

खुंट्या कुदळीला आड येत होत्या. त्याने सुतळी सोडून गुंडाळली, खुंट्या एकेक उपटल्या, माती पुसून डब्यात ठेवल्या. नंतर गुडघाभर माती उकरली. बायकोची पिठाची जुनी चाळण घेऊन ढेकूळ अन् ढेकूळ फोडलं, चाळलं. दगड निघाले, काचेचा एक तुकडा निघाला, थोरलीच्या लहानपणीचं बटण निघालं. बटाटे निघाले ते काळे पडलेले, हातात घेतल्यावर फुटून वास मारणारे. त्यातल्या एकाची साल लाल होती. तो त्याने नळाखाली धरला आणि साल पाण्याबरोबर वाहून गेली, आत काही नव्हतं.

काम त्याच्या पद्धतीने झालं होतं. संपलं तेव्हा वाफ्यात चाळलेल्या मातीशिवाय काही उरलं नव्हतं. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये पसरलेली सपाट, भुसभुशीत, एकसारखी माती. त्याने तिच्यावरून फळी फिरवली. हात धुतले. बायकोने चहा आणला, तीही पायरीवर बसली.

"आता काय लावायचं?" तिने विचारलं.

"काही नाही." त्याने डबा पुढे ओढला, खुंट्या बाहेर काढल्या आणि सुतळी सोडायला लागला. "खुंट्या तेवढ्या परत ठोकतो. असू दे रांग."

तिने मान डोलावली. तिने इतकी वर्षं ठेचा खाल्ल्या होत्या, आणखी खाल्ल्या असत्या. तो खाली उतरला, दाराजवळची पहिली खुंटी ठोकली, दुसरी ठोकली. तिसरी हातात घेऊन तो थांबला.

"इथून झुकायला लागते ना ती?"

"हो. इथूनच कुठेतरी."

"भिंतीकडे."

"भिंतीकडे कशी? नळाकडे," ती म्हणाली. "नळाकडे झुकायची."

"भिंतीकडे. मी रोज बघायचो."

"रोज मीही बघायचे. माझा पदर अडकायचा तो नळाकडे येताना."

तो खुंटी हातात धरून तसाच उभा राहिला. रोज बघायचा हे खरं होतं. खुंट्या होत्या म्हणून लक्षात ठेवायची वेळच आली नव्हती.

"थोरलीला विचार," तो म्हणाला.

तिने आत जाऊन फोन लावला. थोरलीने पुन्हा पुन्हा विचारलं, कोणती रांग, काय झुकतं. मग म्हणाली, "मला नाही गं आई आठवत. मी कधी तसं बघितलंच नाही. फोटो असेल ना एखादा?" फोटो धाकट्याचे होते, लग्नाचे होते, कारखान्याच्या निरोपाचे होते. परसाचा एकही नव्हता. बटाट्याच्या रांगेचा फोटो कोण काढतं?

ती बाहेर आली तेव्हा तो वाफ्याच्या कडेला स्टुलावर बसला होता.

"फोनवर बोलत होता तो तेव्हा," तो म्हणाला. "मान वाकडी करून. ज्या कानाला फोन, त्या बाजूला गेली रांग. बरोबर?"

"बरोबर."

"कोणत्या कानाला धरायचा तो फोन?"

तिने डोळे मिटले. भांडी घासताना, पायऱ्या चढताना, जेवताना सुद्धा, तो फोन खांद्यात दाबून बोलायचा आणि ती ओरडायची. इतक्या वेळा ओरडली होती. तिला हसणं ऐकू आलं, मान आठवली, खांदा आठवला.

"उजव्या," ती म्हणाली.

"मला डावा आठवतो."

"डावा असेल मग."

"नाही," तो म्हणाला. "तू नीट आठव."

ती आठवत राहिली. तो वाट बघत होता. खुंटी त्याच्या मुठीत होती आणि टोकाची माती वाळून गळत होती. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि नाही अशी मान हलवली.